एका घरातली तीन कपाळं

रत्नमाला मॅडमच्या हातची नवरी लांबून ओळखू यायची, आणि ती तशी ओळखू यावी हाच मॅडमचा हट्ट होता. सिडकोत त्यांचं पार्लर होतं आणि पार्लरच्या मागच्या खोलीत ब्युटिशियनचा क्लास. शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला पहिला धडा एकच मिळायचा: नवरी म्हणजे गोरी. मूळ रंगाहून दोन शेड उजळ बेस, ओठांना फिकट गुलाबी, कपाळावर लाल चंद्रकोर, मनगटभर हिरवा चुडा आणि वर मॅडमतर्फे मोत्यांच्या मुंडावळ्यांची भेट. पार्लरमधला अल्बम चाळला की एकाच बाईनं साठ-सत्तर वेळा लग्न केलंय की काय असं वाटायचं. मॅडमना मात्र त्यात काही वावगं दिसत नव्हतं. एकदा हात बसला की बसला, असं त्या म्हणायच्या.

त्या अल्बममध्ये रूपालीचा फोटो नव्हता. का नव्हता, ते मॅडमना विचारायची सोय नव्हती.

रूपाली वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होती. सावळी, तरतरीत, बोलायला चटपटीत पोरगी. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न वाळूजच्याच एका मंगल कार्यालयात होतं. बौद्ध पद्धतीचं लग्न, अंगावर पांढरी साडी. साडी पाहून मॅडम मनात म्हणाल्या, वा, पांढऱ्यावर लाल चंद्रकोर काय उठून दिसेल! खुर्चीत बसल्यावर रूपाली जरा चाचरत म्हणाली होती, "मॅडम, लिपस्टिक गडद लावा ना. मरून आवडतो मला."

"तुझ्या रंगाला गडद शोभत नाही, बाळा," मॅडम म्हणाल्या. "डोळे मीट बघू."

मग त्यांनी जीव ओतून काम केलं. शेवटी स्वतःच्या हातानं मुंडावळ्या बांधल्या आणि सामान आवरायला बसल्या. थोड्या वेळानं खिडकीतून पाहतात तर काय, नवरी कार्यालयामागच्या पाण्याच्या ड्रमपाशी उभी राहून सपासप तोंड धुतेय! मुंडावळ्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर लटकत होत्या. रूपालीनं रुमालानं चेहरा टिपला, तशीच ओलसर तोंडानं स्टेजवर गेली आणि लग्न लागलं.

मॅडम तिथं जेवल्या नाहीत. रिक्षा करून थेट घरी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "माझा हात धुऊन टाकला तिनं." एवढं म्हणून ढसाढसा रडल्या. लोकांना वाटलं, बाई रागावलीय. राग होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. आपल्या हातातच काही खोट आहे का, हा किडा तेव्हापासून डोक्यात वळवळत राहिला. वाळूजचं काम आलं की त्या काहीतरी कारण काढून टाळायच्या.

यंदा कोर्सच्या अभ्यासक्रमात एक नवा पाठ आला. वेगवेगळ्या समाजांच्या रीती आणि माणसांचे वेगवेगळे रंग ओळखून काम कसं करायचं, असा. शिकवणाऱ्या बायकांनी आधी एक दिवस जाऊन स्वतः शिकून यायचं होतं. मॅडम कुरकुरत गेल्या. आता या वयात मला बोट धरून पावडर लावायला शिकवणार म्हणे, असं रिक्षावाल्यालासुद्धा ऐकवून झालं.

शिकवायला बिल्किस मॅडम होत्या. चाळिशीच्या, डोक्याला स्कार्फ, बोलताना हसायची सवय. त्यांनी आल्या आल्या रत्नमाला मॅडमनाच खुर्चीत बसवलं, जबड्याच्या कडेला फाउंडेशनचे तीन ठिपके लावले आणि हातात आरसा दिला.

"जो ठिपका दिसेनासा होईल, तो तुमचा," त्या म्हणाल्या.

दिसेनासा झाला तो तिसरा, सगळ्यात गडद. रत्नमाला मॅडम इतकी वर्षं स्वतःला पहिला लावत होत्या. लग्नाच्या फोटोंत आपण अशा राख फासल्यासारख्या का दिसतो, फोटोग्राफरला इतक्या शिव्या का घातल्या, हे सगळं त्यांच्या एकदम ध्यानात आलं आणि त्यांना इतकं हसू आलं की आरसा हलायला लागला. ती गडद बाटली त्यांनी तिथल्या तिथं विकत घेतली.

पुढं सकाळभर एकेक गोष्ट कळत गेली. नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करायची असेल तर नखाला पाणी लागावं लागतं, म्हणून कुणी नेलपेंट लावून घेत नाही. कुणाला केस मोकळे करायला पडदा लागतो. बौद्ध लग्नात मुंडावळ्या नसतात, पुष्कळ घरांत कुंकूही नसतं. हे शेवटचं ऐकलं आणि मॅडमच्या डोळ्यांसमोर तो पाण्याचा ड्रम उभा राहिला. म्हणजे हातात खोट नव्हती! चंद्रकोर चुकली होती, मुंडावळ्या चुकल्या होत्या! तीन वर्षांचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं. त्या आनंदात त्यांनी दुपारच्या जेवणात नान-कलियावर असा काही ताव मारला की विचारू नका.

आता एवढे नान पोटात गेल्यावर दुपारचं सत्र कुणाला सुचतं? शिवाय सकाळी इतकं कळलं होतं, दुपारी आणखी काय उरणार? मॅडम घरी गेल्या आणि मस्त ताणून दिली.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या भिंतीवर मोठा चार्ट लागला. वरती आडवे समाज, खाली उभे टिकली, चुडा, मणी, मुंडावळ्या. चालतं तिथं हिरवी खूण, चालत नाही तिथं लाल फुली. मुलींनी तो पाठ करायचा. आधी एकाच साच्यातून नवऱ्या निघायच्या, आता मॅडमनी चार-पाच साचे केले होते, आणि प्रगती झाली म्हणून त्या खुशीत होत्या.

झेबा नावाची सिल्लोडची मुलगी क्लासला होती. हॉस्टेलवर राहायची, हात हलका आणि जीभ त्याहून हलकी. ती चार्टपुढं उभी राहिली.

"मॅडम, इथं मुस्लिम नवरीला काळे मणी आणि हिरव्या बांगड्या, दोन्हीवर फुली हाय."

"मग?"

"हमारी अम्मी तो दोन्ही घालती. काळी पोत तर निकाहलाच घातली होती तिनं."

"तुझी अम्मी चुकत असेल," मॅडम म्हणाल्या.

"अब्बालाच इतके दिवस कळलं नाय मग," झेबा म्हणाली. अख्खा वर्ग खो खो हसला. फुली मात्र जागची हलली नाही.

कोर्स संपताना प्रत्येक मुलीनं एक खरी नवरी सजवायची आणि शिक्षिकेनं तिथं हजर राहून बघायचं, असा नियम होता. पिशोरची संध्या एक दिवस मॅडमच्या टेबलापाशी येऊन नुसतीच ओढणीशी खेळत उभी राहिली.

"बोल की गं."

"मॅडम, माझं प्रॅक्टिकल वाळूजला हाय. मावसबहिणीचं लग्न हाय. राजनंदिनीचं." मग हळूच म्हणाली, "रूपालीताईची धाकटी बहीण."

मॅडमनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"त्यांना माहितीय का, मी येणार ते?"

"व्हय. आजी म्हणली, तू कर बाई, पण ती पीठ फासणारी..." संध्यानं जीभ चावली आणि दोन्ही हात तोंडावर नेले.

पीठ! दुसरं कुणी असतं तर मॅडमनी त्याची धडगत ठेवली नसती. पण त्यांनी ते गिळलं. त्यांना एवढंच हवं होतं की त्या घरातल्या एका तरी मुलीनं त्यांच्या देखरेखीखाली झालेला मेकअप न धुता लग्न लावावं, आणि ते रूपालीनं डोळ्यांनी पाहावं. बाकी जगानं काय म्हणायचं ते म्हणावं. संध्याला त्या म्हणाल्या, "येते म्हणून सांग."

लग्नाच्या दिवशी मॅडम, संध्या आणि मदतीला झेबा, अशा तिघी वाळूजला पोचल्या. तेच कार्यालय होतं. दारातच संध्याची आणि नवरीची आजी, भामाबाई, खुर्ची टाकून बसली होती. पिशोरहून आठवडाभर आधीच येऊन तिनं लग्नाचा ताबा घेतला होता. तिनं मॅडमना खालून वर न्याहाळलं.

"आलीस व्हय बाई? ये, ये. मागं ड्रम भरून ठिवलाय."

"आजी!" संध्या ओरडली.

"अगं, पाहुण्यांच्या हातपायाला ठिवलाय. म्या कुठं काय म्हणलं?" भामाबाई साळसूदपणे म्हणाली.

रूपालीही भेटली. कडेवर वर्षाचं पोर, कपाळावर इवलीशी काळी टिकली. "जयभीम मॅडम, पाणी घेतलं का?" एवढं विचारून ती पाहुण्यांकडं निघून गेली.

खोलीत राजनंदिनी तयार बसली होती. बहिणीसारखीच सावळी, पण अबोल. निळ्या काठाची पांढरीशुभ्र साडी. मॅडमनी पर्समधून ती गडद बाटली काढून संध्याच्या हातात दिली. संध्यानं जबड्याला ठिपका लावला आणि तो चक्क गायब झाला. मग तिनं हळूहळू सगळा चेहरा केला. झेबानं तोंडात बोट घातलं. राजनंदिनी राजनंदिनीच दिसत होती, फक्त आठ तास शांत झोपून उठल्यासारखी. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी संध्याच्या पाठीत धपाटाच घातला.

इथं त्या थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण भिंतीवरचा चार्ट त्यांच्या डोक्यातही लागलेला होता.

आरशाच्या काचेवर राजनंदिनीनं एक टिकली चिकटवून ठेवली होती. निळी, खड्याची. मॅडमनी ती नखानं काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "असू दे, मला माहितीय तुमच्यात चालत नाही," त्या मोठ्या समजूतदारपणे म्हणाल्या. नवरीचा चेहरा उतरला.

"मॅडम, पण ती तिनं..." संध्या पुटपुटली.

"पण नाही न् बिण नाही. प्रॅक्टिकल आहे तुझं. बौद्ध नवरीपुढं काय आहे? फुली."

तेवढ्यात भामाबाई नात बघायला आत आली. बघितली आणि दारातच थबकली.

"पोरीचं कपाळ मोकळं कामून ठिवलं?"

मॅडम गोंधळल्या. आता त्यांचं लक्ष म्हातारीच्या कपाळाकडं गेलं. तिथं हिरवं गोंदण होतं, आणि गोंदणावर ठसठशीत कुंकू.

"आजी, तुमच्यात तर लावत नाहीत ना?"

"कोण म्हणलं? दीक्षा घेतली तवा देव सोडले, उपासतापास सोडले. कपाळ नाय सोडलं. ते माझं हाय."

मागोमाग राजनंदिनीची आई आली. तिच्या कपाळावर काहीच नव्हतं. "आई, राहू दे की. बरं दिसतंय. आपल्यात नाय लावत."

"तू नाय लावत. म्या लावते."

"बावीस प्रतिज्ञा काय नुसत्या म्हणायला हायत का मग?"

"मला नको शिकवू. तुझ्या आधी म्हणल्यात म्या!"

आवाज ऐकून रूपाली आली आणि दोघींच्या मधे उभी राहिली. आजीचं कुंकू, आईचं मोकळं कपाळ आणि रूपालीची ती तिळाएवढी काळी टिकली. एकाच घरातली तीन कपाळं एका ओळीत उभी होती, आणि त्यांच्यासाठी मॅडमच्या चार्टमध्ये चौकोन एकच होता.

"हे बघा," मॅडम काकुळतीला आल्या, "तुम्ही तिघी मिळून एकदा काय ते ठरवून सांगा. म्हणजे मला चार्टमध्ये तसं लिहिता येईल."

हे ऐकून झेबाला हसू आवरेना. ती तोंड फिरवून पाठमोरी उभी राहिली. बाहेर वऱ्हाड आल्याचा गलका झाला. पुन्हा तेच होणार, पुन्हा ड्रम, पुन्हा रिक्षा! त्यांनी फोन काढून बिल्किस मॅडमना लावला. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि फोन स्पीकरवर गेला.

"बिल्किस मॅडम, मी रत्नमाला. सिडकोची. पटकन सांगा, बौद्ध नवरीला टिकली लावायची का नाही?"

पलीकडून उलटाच प्रश्न आला. "रत्नमाला मॅडम, त्या दिवशी दुपारच्या सत्राला कुठं होतात तुम्ही?"

"मी... जेवण जरा जड झालं होतं."

पलीकडून असं खळखळून हसू आलं की भामाबाईसुद्धा गप्प झाली. "अहो, दुपारभर तेच तर शिकवलं! सकाळचं सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं करा, असं सांगितलं होतं मी. नवरीला विचारा."

"कुणाला?"

"नवरीला!"

"मी इथंच बसलेय, मॅडम," राजनंदिनी म्हणाली.

सकाळपासूनचं तिचं ते पहिलं वाक्य होतं. खोलीतल्या सगळ्या बायका तिच्याकडं वळल्या. पाहुण्यांच्या घोळक्यात सापडलेल्या यजमानासारखी ती अवघडून बसली होती, पण मान वर होती.

मॅडमनी फोन ठेवला. स्टूल ओढून नवरीच्या समोर बसल्या. इतक्या वर्षांत त्या नवरीच्या मागं उभ्या राहिल्या होत्या, बाजूला उभ्या राहिल्या होत्या, समोर बसल्या नव्हत्या. डोळे मीट, ओठ मुडप, मान खाली, एवढंच बोलणं त्यांना ठाऊक होतं. आता जे विचारायचं ते तोंडातून निघता निघेना.

"तुला... कसं हवंय गं?"

राजनंदिनी बोलायला लागली ती थांबेचना! टिकली हवी होती, तीच निळी, कारण ती तिनं स्वतः निवडली होती. चुडा नको होता, काचेचा आवाज तिला आवडत नव्हता. आजीच्या चांदीच्या पाटल्या घालायच्या होत्या. काजळ आजीनंच लावायचं, लहानपणी लावायची तसं. आणि आईला दुखवायचं नव्हतं. "आई, मी प्रतिज्ञा मोडत नाय. मला फक्त निळा रंग आवडतो." आईनं डोळ्याला पदर लावला आणि मान डोलावली. झेबा कचऱ्याच्या डब्यात हात घालून ती टिकली शोधत होतीच. सापडली, तेव्हा तिनं ती हिरा सापडल्यासारखी वर धरली.

"झेबा, पुसून दे," मॅडम म्हणाल्या. "आणि तुझ्या अम्मीला माझा सलाम सांग. फुली मी खोडते."

"फुली नाय, मॅडम, चार्टच काढा," झेबा म्हणाली. मॅडमनी तिच्याकडं डोळे वटारून बघितलं, पण नाही म्हणाल्या नाहीत.

नवरी स्टेजवर गेली. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. मागच्या खुर्चीत बसून मॅडम राजनंदिनीच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. ती हसली की तिची ती निळी टिकली लकाकायची. ही मुलगी अल्बममधल्या एकीसारखीही दिसत नव्हती, आणि याचाच मॅडमना अभिमान वाटत होता, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

त्या सामान आवरायला खोलीत आल्या, तर रूपाली तिथं उभी. पोर संध्याच्या खांद्यावर झोपलं होतं. रूपाली आरशापुढच्या खुर्चीत येऊन बसली.

मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी माझी चंद्रकोर चुकली."

"चंद्रकोर चुकलीच," रूपाली म्हणाली आणि हसली. "पण त्यासाठी नाय धुतलं मॅडम. आरशात बघितलं तर मी कुठं दिसंचना. भ्यायले. म्हणलं, लग्न माझं आन् नवरी दुसरीच. म्हणून धुतलं. तुम्ही जेवला पण नाय त्या दिवशी. मला लई वाईट वाटलं होतं."

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. त्या स्टूल ओढून समोर बसल्या. या वेळी प्रश्न पटकन निघाला.

"तुला कसं हवंय?"

"काय नको. लिपस्टिक तेवढी लावा. मरून."

मॅडमच्या पेटीत गुलाबीचे सगळे प्रकार होते, मरून नव्हताच. झेबानं आपल्या पर्समधली काढून दिली. मॅडमनी ती सावकाश लावली, आधी वरच्या ओठाला, मग खालच्या. तो रंग रूपालीला इतका शोभला, इतका शोभला, की मॅडमना तीन वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग सगळ्याजणी जेवायला बसल्या. भामाबाईनं मॅडमच्या ताटात जिलबीवर जिलबी वाढली आणि नको म्हणायची सोय ठेवली नाही. मॅडम तिसरी जिलबी खात असताना रूपाली ताटावरून उठली आणि कार्यालयामागं, ड्रमकडं गेली. मॅडमनी उरलेली जिलबी घाईघाईनं तोंडात कोंबली. त्या उठून खिडकीपाशी गेल्या.

रूपालीनं डबा बुडवला, पाणी घेतलं आणि हात धुतले. फक्त हात. मग ती ड्रममधल्या पाण्यावर वाकली, स्वतःला बघितलं, ओठ एकमेकांवर दाबले आणि आत निघून आली.

मॅडम परत ताटावर जाऊन बसल्या आणि त्यांनी चौथी जिलबी मागून घेतली.